कामाच्या वहीपासून कजापपर्यंत : पांझरेकाठच्या वसाहतीचे अडीच वर्षांचे कागद

साक्री तालुक्यात, सुरत-नागपूर महामार्गापासून थोडे आत, पांझरेच्या खोऱ्यात आमचे गाव आहे. 17 फेब्रुवारी 2023 रोजी ग्रामपंचायतीच्या शिपायाने आमच्या ओट्यावर एक कागद आणून दिला. माझ्या मिरची-मसाला कांडप यंत्राचा आवाज आणि उडणारा खकाणा यांमुळे शेजारच्या तीन घरांना त्रास होतो, तरी सात दिवसांत खुलासा द्यावा, असे त्यात लिहिले होते. तक्रार खोटी नव्हती. फेब्रुवारी ते मे या हंगामात माझ्याकडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत कांडप चालते, आणि आमची गल्ली एवढी अरुंद आहे की समोरच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आजींना दिवसभर ठसका लागतो. पण कांडप बंद करणे हा माझ्यासाठी पर्याय नव्हता, कारण त्यावर माझ्यासह चार बायकांचे घर चालते. शेतात यंत्र न्यावे तर तिथे शेतीपंपाची वीज ठरावीक तासच येते, रस्ता नाही, आणि अंधार पडल्यावर कोणतीही बाई मिरचीची गोणी घेऊन तिथे येणार नाही. औद्योगिक वसाहतीतला भूखंड माझ्या साडेसात अश्वशक्तीच्या एका यंत्रासाठी परवडण्यासारखा नव्हता आणि रोज तिथवर जाणे तर त्याहून नव्हते.

खुलासा लिहिताना माझ्या लक्षात आले की ही अडचण एकटीची नाही. म्हणून मी दोनशे पानी वही घेऊन मार्चभर गावात घरोघर फिरले. वहीत चार रकाने आखले होते : काम कोणते, सध्या जागा किती, लागते किती, आणि वीज-पाणी-रस्ता यांपैकी काय कमी पडते. वेल्डिंगवाला ट्रॉलीचा सांगाडा भर रस्त्यात उभा करून जोडत होता आणि एसटी आली की काम थांबवून तो सांगाडा भिंतीला टेकवत होता. पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करणारा मुलगा जिन्याखालच्या जागेत बसत होता. शिवणकाम करणाऱ्या सहा जणी, दोन सुतार, पापड-बिबडे करणाऱ्या दोन गटांच्या बायका, ट्रॅक्टर दुरुस्ती, छपाई, एक बेकरी, असे करत 27 जणांची नावे झाली. शेवटच्या पानावर सुरतेला गेलेल्या नऊ मुलांची नावे होती. ही मुले तिथे भरतकामाच्या यंत्रांवर आणि लूमवर काम करतात. जागा आणि थ्री फेज वीज मिळाली तर जुने यंत्र विकत घेऊन गावात येण्याची त्यांच्यापैकी चौघांची तयारी होती. असे कोणी करणार असेल तर माझा एक सल्ला आहे : मोटार किती अश्वशक्तीची आहे हे मालकाला विचारू नये, मोटारीवरची पाटी वाचावी. मला सांगितलेल्या आकड्यांपैकी निम्मे चुकीचे निघाले, आणि पुढे सगळा वीजभार याच आकड्यांवर ठरला.

या सगळ्यांसाठी काम आणि घर एकत्र असलेली वसाहत करायची तर जमीन होती, ही आमची जमेची बाजू. गावठाणाला लागून पूर्वेला तीन गट आहेत. तिन्ही अरुंद आणि लांब पट्टे आहेत, एक टोक गावरस्त्याला आणि दुसरे पाटाला टेकलेले. त्यांत मिळून सात खातेदार, त्यांपैकी चार आमच्याच भाऊबंदकीतले. माझे पती आणि जेठ यांच्या नावावर 22 गुंठे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी तेव्हा वेगळी अकृषिक (बिगरशेती) परवानगी लागत नव्हती, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड प्रमाणे अकृषिक आकारणी आणि रूपांतर कर भरून सनद, म्हणजे तसा दाखला, मिळत असे, हे मला धुळ्याच्या एका वकिलांकडून कळले होते. मात्र भूखंड पाडायचे तर रेखांकन, म्हणजे रस्ते आणि भूखंडांचा नकाशा, मंजूर करून घ्यावेच लागते. गुंठा-गुंठा तोडून विकणे तेव्हा तुकडेबंदीच्या कायद्यात बसत नव्हते, आणि तसे घेतलेले तुकडे नावावर न चढल्यामुळे अडकून पडलेली दोन कुटुंबे आमच्याच गावात होती.

22 एप्रिल 2023 रोजी आखाजी (अक्षय्य तृतीया) होती. खानदेशात दिवाळीला न येणारा माणूसही आखाजीला येतो, म्हणून सातही खातेदारांची बैठक त्याच दिवशी दुपारी मारुतीच्या पारावर घेतली. मी वही वाचून दाखवली आणि एका पाठकोऱ्या कागदावर काढलेले चित्र पुढे ठेवले : मधल्या गटातून उभा सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना खाली काम आणि वर घर असे भूखंड, आणि मागे नुसती घरे. चित्र पाहून सगळ्यांनी माना डोलावल्या. मधल्या गटाचे आबा मात्र उठून उभे राहिले आणि म्हणाले, “मन्हाच वावरम्हाईन रस्ता काबर?” (माझ्याच शेतातून रस्ता का?) त्यांचे बरोबर होते. रस्ता त्यांचा जाणार होता आणि त्या रस्त्याचा दर्शनी भाग बाकीच्यांना मिळणार होता. तासभर आवाज चढत गेले, दोन जण उठून गेले, आणि मला वाटले की वही आता चुलीत घालावी.

या अडचणीतून वाट काढली ती माझ्या चुलतसासऱ्यांनी, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांनी तरुणपणी पाटकऱ्याचे काम केले आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालचे थळ, म्हणजे भिजणारे क्षेत्र, तीन-चार फडांत विभागलेले असते, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याने द्यायचे. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसून प्रत्येक फडात थोडी थोडी असली, म्हणजे पाणी कमी असलेल्या वर्षी नुकसान एकट्यावर येत नाही. नाना काठी टेकत उठले, माझा कागद हातात घेतला, तो आडवा फिरवला आणि म्हणाले, “पाट आडवा जास, म्हनीसन पानी बठ्ठासले भेटस. रस्ता बी आडवाच काढा.” (पाट आडवा जातो म्हणून पाणी सगळ्यांना मिळते, रस्ताही आडवाच काढा.) तिन्ही पट्टे उभे होते. रस्ता पूर्व-पश्चिम आडवा नेला की तो तिन्ही गटांतून जाणार, प्रत्येकाच्या जमिनीला त्याच्या दोन्ही बाजूंना कामाचा दर्शनी भाग मिळणार आणि प्रत्येकाकडे मागे घरांचे भूखंड उरणार.

या फिरवलेल्या कागदाचा फायदा केवढा होता, हे वकिलांनी नंतर सांगितले. पहिल्या चित्राप्रमाणे गेलो असतो तर एकमेकांच्या गटातले भूखंड घ्यावे लागले असते, त्यासाठी अदलाबदलीचे नोंदणीकृत दस्त करावे लागले असते, आणि अशा दस्तात ज्या मालमत्तेचे मूल्य जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क बसते. आडव्या रस्त्यामुळे जवळपास प्रत्येकाचे भूखंड त्याच्या स्वतःच्या गटातच बसले आणि असा दस्त फक्त एक करावा लागला. त्याच बैठकीत ठरले की रस्ते आणि मोकळ्या जागेत जाणारी जमीन प्रत्येकाने गुंठ्यांच्या प्रमाणात सोसायची आणि खर्चही गुंठ्यावरच वाटायचा. हा ठराव पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून सातही जणांच्या सह्या घेतल्या. ज्यांना असे काही करायचे आहे त्यांनी वास्तुविशारदाकडे जाण्याआधी हा कागद करावा, कारण एकदा रंगीत नकाशा पाहिला की प्रत्येक जण आपला भूखंड मनात धरून बसतो.

मे ते ऑगस्ट 2023 हा काळ सातबारात गेला. दोन मृत व्यक्तींची नावे अजून उताऱ्यावर होती. वारस नोंदीचा अर्ज, मग नमुना 9 ची नोटीस, पंधरा दिवस हरकतीची मुदत आणि मग फेरफार प्रमाणित, असा क्रम असतो. कागदोपत्री महिन्याभराचे काम आम्हाला अडीच महिने पुरले, कारण नाशिकला राहणाऱ्या एका वारसदार आत्यांचे आधारवरचे नाव आणि सातबारावरचे नाव जुळत नव्हते. दोन गटांच्या इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा होता. त्यातला एक कर्ज फेडून बारा वर्षे झाली तरी तसाच होता, कारण बोजा कमी करण्याचा अर्ज कोणी दिलाच नव्हता. जमीन भोगवटादार वर्ग 1 (विक्रीवर बंधन नसलेली) आहे की वर्ग 2 (बंधन असलेली), हे पहिल्याच दिवशी पाहावे. आमची सगळी वर्ग 1 निघाली हे नशीब, कारण वर्ग 2 असती तर वेगळ्या परवानगीचा आणि नजराण्याचा रस्ता धरावा लागला असता.

जूनमध्येच तिन्ही गटांच्या हद्द कायम मोजणीचे तीन अर्ज केले होते. मोजणी नोव्हेंबरात झाली आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत डिसेंबरात हाती आली. सातबारावर एकूण क्षेत्र 1 हेक्टर 91.5 आर होते, प्रत्यक्षात भरले 1 हेक्टर 90.2 आर, म्हणजे 188 गुंठे. असा फरक असला की रेखांकनासाठी कमी असलेले क्षेत्र धरतात. सव्वा गुंठ्यासाठी एक खातेदार शेजाऱ्याशी बांधावरून भांडायला निघाले होते, त्यांना कसेबसे आवरले.

दरम्यान 2 ऑक्टोबर 2023 रोजी ग्रामसभा होती. रेखांकनाला ग्रामसभेचा ठराव प्रत्येक ठिकाणी मागतात असे नाही, परंतु पाणी आणि सांडपाणी ग्रामपंचायतीच्याच गळ्यात येणार असल्यामुळे आम्ही तो घ्यायचे ठरवले. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी संख्या गणपूर्तीला लागते. त्या दिवशी ती भरली. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती अनेक गावांत फक्त वहीत होते, पण आम्ही खरोखर घेतली आणि आराखड्यातल्या तीन गोष्टी तिथूनच आल्या. पापडाच्या गटातल्या बायकांनी सांगितले की त्यांना प्रत्येकी गाळा नको, वाळवणासाठी सपाट गच्ची असलेली एक सामायिक शेड हवी. दुसरी मागणी बायकांच्या स्वच्छतागृहाची होती, आणि ते गल्लीच्या टोकाला नव्हे तर मधोमध, दिव्याखाली असावे असा त्यांचा आग्रह होता. तिसरी, मूल झोपवायला एक खोली. वास्तुविशारदांनी ही खोली आधी ‘भांडार’ म्हणून दाखवली होती. आता तिच्यावर ‘पाळणाघर’ असे लिहिले आहे.

वास्तुविशारदांचा पहिला नकाशा फार देखणा होता आणि आमच्या काहीच उपयोगाचा नव्हता. सगळे भूखंड एकसारखे, रस्ते 9 मीटरचे, मधे गोल बाग. निव्वळ निवासी रेखांकनात 150 मीटरपर्यंत लांबीच्या अंतर्गत रस्त्याला 9 मीटर रुंदी चालते, पण निवासीखेरीज अन्य वापर असेल तर त्याच लांबीला 12 मीटर लागते. आमचा आडवा रस्ता 138 मीटरचा होता. तो 12 मीटरचा केला की 414 चौरस मीटर जास्त जमीन जाणार, म्हणजे चार गुंठ्यांहून थोडी अधिक. यावर पुन्हा कुरबुर सुरू झाली.

ती कुरबुर जानेवारी 2024 मध्ये वावरातच मिटली. बाजरी काढून रान मोकळे झाले होते. आम्ही दोरी धरून फक्कीने आधी 9 मीटरचा रस्ता आखला, मधे घरगल्लीचे वळण दाखवले, आणि वेल्डिंगवाल्याच्या भावाला रांगड्या कांद्याने भरलेली ट्रॉली घेऊन यायला सांगितले. रस्त्याच्या एका बाजूला माल उतरवणारी गाडी म्हणून दुसरा ट्रॅक्टर उभा केला. ट्रॉलीचे डावे चाक वळणावर फक्कीची रेघ ओलांडून जवळजवळ एक मीटर आत गेले. तिथे उद्या कोणाचा तरी ओटा असणार होता. चालकाने दोनदा मागे-पुढे केले, तिसऱ्यांदा ट्रॉली तिरकी अडकली आणि दोन गोण्या खाली आल्या. मग रेघा पुसून 12 मीटरच्या आखल्या आणि कोपरा तिरका कापला. ट्रॉली एका दमात वळली. नको नको म्हणणारे एक खातेदार, आप्पा, चाकाच्या खुणेपाशी उकिडवे बसले, बोटाने फक्की चाचपली आणि कांदे गोळा करू लागले. त्यानंतर रुंदीचा विषय कोणी काढला नाही.

अंतिम हिशेब असा बसला. 19,020 चौरस मीटरपैकी दहा टक्के, म्हणजे 1,902 चौरस मीटर मोकळी जागा. एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जी मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर 2020 पासून लागू आहे, तिच्याप्रमाणे 4,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या रेखांकनात ती सोडावीच लागते. रस्त्यांत 4,560 चौरस मीटर गेले. म्हणजे शंभरातले चौतीस प्रत्येकाने सोडले. उरलेल्यात आडव्या रस्त्यावर 240 चौरस मीटरचे 18 कामाचे भूखंड, मागे सरासरी दीडशे चौरस मीटरचे घरांचे 44 आणि सामायिक शेड, स्वच्छतागृह, पाळणाघर यांसाठी 1,638 चौरस मीटर. कांडपाचा भूखंड कुठे, हे वाऱ्यावर ठरले. आमच्याकडे उन्हाळ्यात, ऐन कांडपाच्या दिवसांत, वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून मला पूर्वेचे शेवटचे टोक मिळाले आणि माझ्या पलीकडे फक्त कडुनिंबाची रांग आणि पाट आहे. गावरस्त्यापासून सर्वांत लांबचा भूखंड घ्यायला मला सुरुवातीला जड गेले, हे कबूल करते.

प्रत्येक काम या वसाहतीत बसत नाही, हेही याच टप्प्यावर कळले. निवासी विभागात कोणते सेवा उद्योग चालतात याची नियमावलीत यादीच आहे आणि प्रत्येकापुढे अश्वशक्ती, माणसे आणि क्षेत्रफळ यांच्या मर्यादा आहेत. माझ्या एका दिरांना डाळ मिल टाकायची होती. यंत्रे मिळून 30 अश्वशक्तीच्या वर, भुसा आणि रात्रपाळी. त्यांना नाही म्हणावे लागले. त्यांनी नंतर नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी केली, पण आमच्या घरी सहा महिने आले नाहीत. वहीतली यादी आणि नियमावलीतली यादी शेजारी ठेवून आधीच पाहिली असती तर निदान त्यांना आशा तरी लावली नसती.

12 फेब्रुवारी 2024 रोजी प्रस्ताव दाखल झाला. 16 मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि ज्याला भेटायला जावे तो निवडणूक प्रशिक्षणाला गेलेला असे. आमच्याकडे 13 मे रोजी मतदान झाले, 6 जूनला आचारसंहिता उठली आणि 19 जूनला त्रुटी पत्र आले. त्यात पाच मुद्दे होते. तीन रास्त होते : वावरावरून जाणारी 11 केव्हीची वाहिनी नकाशात दाखवली नव्हती, पाटाच्या बाजूचे पाटबंधारे खात्याचे ना-हरकत पत्र जोडलेले नव्हते आणि एका खातेदाराची सही एका पानावर राहिली होती. चौथा मुद्दा असा की ‘क’ प्रत जोडलेली नाही. ती आम्ही जोडली होती आणि पोच पावतीवर तिचा उल्लेखही होता, पण कोणत्या तरी टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना ती फाइलमधून गळाली होती. मी वाद घातला नाही, दुसरी प्रत दिली. तेव्हापासून प्रत्येक अर्जाच्या प्रत्येक पानावर अनुक्रमांक घालून शेवटच्या पानावर एकूण पानांची संख्या लिहिते आणि पोच देणाऱ्याकडून त्याच संख्येवर शिक्का घेते. पाचवा मुद्दा म्हणजे आमच्या ‘घर-कम-कारखाना’ या शब्दाचा अर्थ काय, याचा खुलासा मागितला होता. तो शब्द काढून ‘तळमजला सेवा उद्योग, पहिला मजला निवासी’ असे लिहिले आणि प्रश्न सुटला. सरकारी कागदात नियमावलीतला शब्दच वापरावा, आपला सुचलेला कितीही चपखल असला तरी.

विजेच्या तारांपासून अंतर सोडण्याच्या नियमामुळे दोन भूखंड थोडे आक्रसले. 11 केव्हीच्या वाहिनीपासून इमारत आडव्या मापाने किमान 1.2 मीटर आणि उभ्या मापाने 3.7 मीटर दूर असावी लागते. आम्ही तारेखाली रस्त्याची कडा आणि झाडांऐवजी गवत ठेवले.

23 सप्टेंबर 2024 रोजी तात्पुरते रेखांकन मंजूर झाले. ‘तात्पुरते’ या शब्दाने आमच्या घरातले लोक नाराज झाले, परंतु क्रमच तसा आहे. तात्पुरत्या मंजुरीनंतर नकाशाप्रमाणे जागेवर भूखंड आणि रस्ते आखायचे, रस्ते-गटारे करायची, सीमांकनाची मोजणी करून घ्यायची आणि मग अंतिम मंजुरी. सनदेचे आणि आकारणीचे पैसे याच टप्प्यात भरले. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि नोव्हेंबर संपेपर्यंत काही हलले नाही. 1 डिसेंबर 2024 पासून मोजणीचे प्रकार आणि दर बदलले. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत आणि ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत अनुक्रमे 2,000 आणि 8,000 रुपये लागतात. आम्ही 2 डिसेंबरला अर्ज केला, तीन गटांचे नियमित दराने 6,000 रुपये झाले आणि 6 फेब्रुवारी 2025 रोजी मोजणी झाली. मोजणीच्या दिवशी चहा-जेवणापेक्षा दगड महत्त्वाचे असतात. हद्दीचे दगड आधीच आणून ठेवले होते, म्हणून भूमापक गेल्यावर खुंट्या उपटल्या जाण्याची भीती राहिली नाही.

या काळात पैशाची ओढाताण सर्वांत जास्त झाली. मोजणी, वास्तुविशारद, वकील, शुल्के, आकारणी आणि सनद मिळून 7,52,000 रुपये, म्हणजे गुंठ्याला 4,000. मुरूम-खडीचे रस्ते, गटारे आणि विजेचे काम यांना 28,20,000, म्हणजे गुंठ्याला 15,000. वहीतल्या आकड्यांवरून कामाच्या अठरा भूखंडांना सरासरी 5 अश्वशक्ती धरून 90 अश्वशक्ती, म्हणजे सुमारे 67 किलोवॅट भार निघाला आणि 100 केव्हीएचे रोहित्र घ्यायचे ठरले. आमच्या 22 गुंठ्यांवर एकूण 4,18,000 रुपये आले. त्यातले 88,000 मी कांडपाच्या कमाईतून पाच हप्त्यांत दिले, उरलेल्यासाठी माझी एक पोत मोडली आणि जेठांनी एक बैलजोडी विकली. दोन खातेदारांना खर्च भागवण्यासाठी मंजुरीआधीच काही भूखंड विकायचे होते. जमीन 500 चौरस मीटरहून मोठी आणि भूखंडही आठाहून जास्त असले तर विक्रीची जाहिरातही महारेरा (राज्याचे स्थावर संपदा प्राधिकरण) नोंदणीशिवाय करता येत नाही, हे वकिलांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा ते थांबले. त्यांनी सोसायटीतून उचल घेतली. त्या व्याजाचा राग त्यांच्या मनात अजूनही आहे.

एक मुद्दा मात्र कोणत्याही नियमावलीत नव्हता, आणि मला वाटते तो लिहून घेतला नसता तर सगळी खटपट वाया गेली असती. कामाच्या भूखंडांना रस्ता रुंद, वीज भरपूर, म्हणजे उद्या तिथे गोदामे आणि बाहेरच्यांची शोरूम येणार. मार्च 2025 मध्ये सातही खातेदारांनी नोंदणीकृत करार केला की या अठरा भूखंडांचा तळमजला कामासाठीच राहील आणि गाळा भाड्याने द्यायचा झाल्यास आधी वहीतल्या माणसांना विचारायचे. या करारावरून सगळ्यात जास्त वाद होईल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात अर्ध्या तासात सह्या झाल्या, कारण तोपर्यंत प्रत्येकाच्या घरातले कोणी ना कोणी त्या वहीत होते. हा करार दहा वर्षांनी किती टिकेल, याबद्दल मी फार आशावादी नाही.

26 मे 2025 रोजी अंतिम रेखांकन मंजूर झाले. त्यानंतर कजाप, म्हणजे कमी-जास्त पत्रक, होऊन प्रत्येक भूखंडाचा स्वतंत्र उतारा निघतो. तो 4 ऑगस्ट रोजी मिळाला. भूखंड क्रमांक 17, क्षेत्र 240 चौरस मीटर. पती आणि जेठ यांनी तो माझ्या नावे करण्याचा दस्तही त्याच महिन्यात केला. यंत्र नवे घेण्यासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्र शासनाच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान 2025 मध्ये होते. ते कर्जाशी जोडलेले होते आणि बँकेला जागेचा उतारा लागतो, म्हणून हा अर्ज मी आधी करून उपयोग नव्हता. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. तिच्यासाठी माझ्याकडे एकाने दीड हजार मागितले होते.

2 ऑक्टोबर 2025 रोजी दसरा होता, ग्रामसभेला बरोबर दोन वर्षे झाली. कुदळ-पहारीची पूजा नव्या भूखंडावर केली, पण यंत्र अजून जुन्याच ओट्यावर आहे आणि खिडकीला ओले गोणपाट लावून दिवाळीचा मसाला कांडला. समोरच्या आजींना रोज संध्याकाळी विचारते की आज किती ठसका लागला. बांधकाम परवानगीच्या अर्जाला यंत्राचा तपशील जोडायचा राहिला होता, म्हणून दसऱ्याच्या दुपारीच मोटारीवरची पाटी फडक्याने पुसली, तिच्यावरचे हळदीकुंकू बाजूला सारले आणि फोटो काढला. साडेसात अश्वशक्ती, स्पष्ट दिसते.